चारशे व्होल्टची गोष्ट

डास मारायची बॅट तुमच्या घरी असेलच. बटण दाबलं की तिच्या जाळीत हजार-दोन हजार व्होल्ट तयार होतात. आत उघडून बघाल तर एक छोटी रिचार्ज होणारी बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, करंगळीच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर आणि चार-पाच डायोड-कपॅसिटर, बस्स. चार व्होल्टचे हजार व्होल्ट कसे झाले हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. डास मेला, विषय संपला!

मला तो पडला, कारण गेले काही वीकेंड मी घरच्या घरी गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, बनवायच्या मागे लागलोय. त्याची नळी तयार विकत मिळते. नळीतून येणारे ठोके मोजणारा प्रोग्रॅम लिहिणं हा तर आमचा पोटापाण्याचाच धंदा. सगळं अडतं ते मधल्या चारशे व्होल्टपाशी. नळीला चारशे व्होल्ट डीसी लागतात आणि माझ्याकडे आहे यूएसबीचं पाच व्होल्टचं चार्जर. आता हे चारशे आणायचे कुठून, हे शोधता शोधता मी इतिहासात शिरलो आणि तिथेच रमलो. तर मंडळी, आजचा लेख सर्किटवर कमी आणि त्या इतिहासावर जास्त आहे. किरणोत्सर्ग कोण मोजू शकतो आणि कोण नाही, हे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बऱ्याच अंशी या व्होल्टेजनंच ठरवलंय असं माझं मत झालंय. ते पटतंय का बघा.

आधी नळीला एवढे व्होल्ट कशाला हवेत ते बघू. नळी म्हणजे धातूचं एक पोकळ नळकांडं, मधोमध एक बारीक तार आणि आत कमी दाबाचा वायू. बाहेरून एखादा किरण आला की तो वायूच्या अणूंमधून दोन-चार इलेक्ट्रॉन सुटे करतो. दोन-चार इलेक्ट्रॉन म्हणजे काहीच नाही, कुठल्याही साध्या उपकरणाला ते कळणार नाहीत. पण तार आणि नळकांडं यांच्यात पुरेसं व्होल्टेज असेल तर ते इलेक्ट्रॉन तारेकडे जोरात ओढले जातात, वाटेत आणखी अणूंवर आपटतात, त्यातून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, ते पुढे आणखी... घाटात दरड कोसळावी तसं. एक खडा सुटतो आणि खाली येईपर्यंत त्याचा ढिगारा होतो. मात्र दरड कोसळायला उतार लागतो. सपाटीवर खडा जिथल्या तिथे राहतो. नळीतला हा उतार म्हणजे व्होल्टेज.

ही युक्ती पहिल्यांदा वापरली अर्नेस्ट रदरफोर्ड आणि हान्स गायगर यांनी, १९०८ साली मँचेस्टरमध्ये. रेडियममधून निघणारे अल्फा कण त्यांना एकेक करून मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी हजाराच्या वर व्होल्ट देणारी बॅटरी लावली. लेड-ॲसिडचा एक सेल साधारण दोन व्होल्टचा धरला तर हजार व्होल्टला पाचशे सेल लागतात! म्हणजे नळी मावते एका हातात आणि तिला जेवू घालायला लागते मोठी प्रयोगशाळा. कण आला की इलेक्ट्रोमीटरचा काटा झटका द्यायचा आणि तो झटका माणसानं डोळ्यांनी बघून मोजायचा. मिनिटाला चार-पाच कणच आत येतील अशी व्यवस्था करावी लागे, त्याहून जास्त आले तर काट्याला सावरायला वेळच मिळायचा नाही. एवढ्या सगळ्या खटाटोपातून त्यांनी हिशेब काढला की एक ग्रॅम रेडियममधून सेकंदाला सुमारे ३४०० कोटी अल्फा कण बाहेर पडतात. आज मानला जाणारा आकडा याच्या फार दूर नाही. पुढे १९२८ मध्ये जर्मनीत कील इथे गायगरनं आपला विद्यार्थी वाल्थर म्युलर याच्याबरोबर नळी सुधारली. आता ती अल्फाच नाही तर बीटा आणि गॅमा किरणांनाही दाद देऊ लागली. आज आपण जिला जीएम ट्यूब म्हणतो ती हीच.

पण या दोन तारखांच्या मध्ये एक माणूस आहे ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि माझ्या लेखाचा खरा नायक तोच आहे. हाइनरिख ग्राइनाखर. जन्म १८८०, स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनचा. झुरिकला असताना त्यानं क्ष-किरण आणि रेडियमचे किरण मोजण्यासाठी आयनोमीटर नावाचं उपकरण तयार केलं. त्या उपकरणाला दोनशे-तीनशे व्होल्ट डीसी लागायचे आणि झुरिकच्या वीजकेंद्रातून घरात यायचे ११० व्होल्ट एसी. पाचशे नाही तरी शे-दीडशे सेलची बॅटरी मांडणं हा एक मार्ग होता. ग्राइनाखरनं तो सोडून दिला आणि दोन कपॅसिटर व एकाच दिशेनं वीज जाऊ देणाऱ्या दोन झडपा (आज आपण तिथे डायोड लावतो) घेऊन व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट बनवलं. ते १९१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

हे सर्किट समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको. दहीहंडी आठवा. वरच्या थरातला गोविंदा काही खालच्यापेक्षा उंच नसतो, तो फक्त खालच्याच्या खांद्यावर उभा असतो. एसी म्हणजे मागे-पुढे हेलकावे खाणारी वीज. एका हेलकाव्यात पहिला कपॅसिटर भरतो, आणि झडप असल्यामुळे तो रिकामा होऊ शकत नाही. पुढच्या उलट्या हेलकाव्यात पुरवठ्याचं व्होल्टेज या भरलेल्या कपॅसिटरच्या खांद्यावर चढतं आणि दोघांची बेरीज दुसऱ्या कपॅसिटरमध्ये जाऊन बसते. ११० व्होल्ट एसीचं शिखर असतं साधारण १५५ व्होल्टचं. त्याचे दोन थर म्हणजे ३१०. झालं ग्राइनाखरचं काम! मग १९२० च्या सुमारास त्यानं हीच कल्पना वाढवून थरांवर थर रचायची पद्धत मांडली. दोन थरांच्या जागी चार, सहा, हवे तेवढे. अर्थात दहीहंडीसारखंच इथेही थर वाढले की डगमगणं वाढतं. जास्त करंट ओढायला गेलं की वरचं व्होल्टेज झपाट्यानं खाली येतं. पण किरणोत्सर्ग मोजणाऱ्याला करंट लागतो नखाएवढा, त्यामुळे त्याला या सर्किटइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

आता गंमत बघा. हेच सर्किट प्रसिद्ध झालं ते भलत्याच कारणानं. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांना प्रोटॉन वेगानं आपटून अणूचं केंद्रक फोडायचं होतं. त्यासाठी लाखो व्होल्ट हवे होते. त्यांनी थरांची हीच रचना मोठ्या प्रमाणावर उभी केली, सात लाख व्होल्टच्या घरात पोचले आणि १४ एप्रिल १९३२ ला वॉल्टननं लिथियमचं केंद्रक फुटल्याच्या खुणा पडद्यावर चमकताना बघितल्या. माणसानं यंत्रानं वेग दिलेल्या कणांनी केंद्रक फोडायची ती पहिली वेळ. १९५१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं आणि सर्किटला नाव पडलं कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन. स्वित्झर्लंड-जर्मनीकडे अजूनही ग्राइनाखर हे नाव चालतं, पण बाकी जगात ते मागेच पडलं. ग्राइनाखर १९७४ पर्यंत हयात होता, म्हणजे हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं. मोजण्यासाठी जन्माला आलेलं सर्किट फोडण्यासाठी प्रसिद्ध झालं. असो. डासांच्या बॅटमधल्या त्या चार-पाच डायोड-कपॅसिटरचं कुळ मात्र झुरिकपर्यंत जातं, हे आता लक्षात ठेवा :-)

मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रयोगशाळेत व्होल्टेजचा प्रश्न सुटला, पण प्रयोगशाळेबाहेर? जुन्या नळ्यांमध्ये स्फोट आवरायला, म्हणजे एकदा कोसळलेली दरड थांबवायला, अल्कोहोलसारख्या पदार्थाची वाफ भरलेली असायची. त्यांना हजार-बाराशे व्होल्ट लागायचे, आणि ती वाफ दर ठोक्याला थोडी थोडी संपत जायची. १९४७ मध्ये अमेरिकेत सिडनी लीबसन यानं वाफेऐवजी हॅलोजन वायूची किंचित मात्रा वापरून बघितली. नळी चारशे-सहाशे व्होल्टवर चालायला लागली आणि तिचं आयुष्यही प्रचंड वाढलं, कारण हॅलोजनचे तुटलेले रेणू पुन्हा जुळतात. ऐकायला ही सुधारणा किरकोळ वाटते. पण खांद्याला अडकवून डोंगरात न्यायच्या यंत्रात व्होल्टेज अर्ध्यावर येणं म्हणजे बॅटऱ्यांचं ओझंही तेवढं कमी होणं.

आणि त्याच काळात डोंगरात जायला कारणही मिळालं होतं. अमेरिकन सरकारला युरेनियम हवं होतं आणि शोधेल त्याला पैसे मिळणार होते. १९४९ मध्ये सरकारनं सामान्य माणसासाठी युरेनियम कसं शोधावं याची पुस्तिकाच काढली. तिकडे लोक गायगर काउंटर गळ्यात अडकवून युटा-कोलोराडोच्या वाळवंटात हिंडू लागले. यातला सगळ्यात गाजलेला माणूस चार्ली स्टीन. त्याच्याकडे काउंटर घ्यायलाच पैसे नव्हते! तो नुसत्या भूगर्भशास्त्राच्या अंदाजावर ड्रिल मारत होता. १९५२ मध्ये त्याच्या ड्रिलमधून निघालेला एक काळपट दगडाचा तुकडा त्यानं सिस्को गावातल्या पेट्रोल पंपावर दुसऱ्याच्या काउंटरपाशी नेला तेव्हा काटा पार टोकाला गेला. त्यातून मी व्हिडा ही प्रचंड श्रीमंत खाण उभी राहिली. म्हणजे सापडलेलं सापडलं आहे हे कळायलासुद्धा कुणाचा तरी काउंटर उसना लागला.

आपल्याकडे हा प्रवास ट्रॉम्बेतून झाला. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात ए. एस. राव यांच्या हाताखाली देशी उपकरणं तयार होऊ लागली आणि त्याच कामातून १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी उभी राहिली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या वाचकांना लॅबमधला जीएम काउंटरचा प्रयोग आठवत असेल. नॉब फिरवत व्होल्टेज वाढवायचं आणि दर टप्प्याला ठोके लिहायचे. आधी काहीच नाही, मग एकदम ठोके सुरू, मग बराच वेळ व्होल्टेज वाढवलं तरी ठोके जवळजवळ तेवढेच. याला प्लॅटो म्हणतात, पठार. पठार संपलं की नळी आपोआप पेटती राहते आणि खराब होते. घरी बनवणाऱ्यासाठी हे पठार म्हणजे मोठी कृपा आहे. माझ्याकडची सोव्हिएत बनावटीची एसबीएम-२० नळी ३५० ते ४७५ व्होल्टपर्यंत पठारावर असते. म्हणजे माझा पुरवठा चारशेच्या आसपास थोडा इकडेतिकडे झाला तरी मोजणी बिघडत नाही.

या एसबीएम-२० चीही एक गोष्ट आहे. चेर्नोबिलचा स्फोट झाला २६ एप्रिल १९८६ ला. लोकांना वाटेल ती अफवा ऐकू येत होती आणि हातात मोजायला काही नव्हतं. त्यानंतरच्या काही वर्षांत सोव्हिएत कारखान्यांनी सामान्य माणसानं घरात ठेवायचे डोसीमीटर काढले. या जातीच्या नळ्या इतक्या मोठ्या संख्येनं बनल्या की देश संपला तरी त्या उरल्या, आणि जगभरच्या हौशी लोकांच्या टेबलांवर पोचल्या. माझ्याही.

अमेरिकेत या प्रश्नाला अगदी वेगळं उत्तर दिलं ते क्रेसन कीर्नी यांनी. ओक रिज प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या माणसानं १९७० च्या दशकात विचार केला की अणुयुद्ध झालं तर वीज नाही, बॅटरी नाही, दुकानं बंद. मग मोजायचं कशानं? त्यांनी पत्र्याचा डबा, ॲल्युमिनियमच्या फॉइलची दोन पानं, दोरा आणि ओलावा शोषायला भिंतीच्या प्लास्टरबोर्डमधलं भाजलेलं जिप्सम एवढ्यावर यंत्र बसवलं. आणि हाय व्होल्टेज? प्लॅस्टिकची पट्टी घासायची! आपण लहानपणी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो तेच. घासून मिळालेल्या विजेनं पानं एकमेकांपासून दूर होतात, किरणोत्सर्गानं हवा आयनित झाली की हळूहळू जवळ येतात. किती मिलिमीटर जवळ आली ते पट्टीवर वाचायचं आणि तक्त्यात डोस बघायचा. युद्धानंतरच्या जबरदस्त किरणोत्सर्गालाच ते दाद देतं, रोजच्या नैसर्गिक पातळीला नाही. पण विद्युतपुरवठ्याचा प्रश्न मुळातून काढून टाकणारं यापेक्षा सुटसुटीत उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

आज माझ्यासारख्याला घासाघाशी करावी लागत नाही. पाच व्होल्ट एका तारेच्या गुंडाळीतून सोडायचे आणि मॉसफेटनं प्रवाह पटकन तोडायचा. पूर्ण सोडलेला नळ एकदम बंद केला की पाइपात धाडकन आवाज येतो ना, तसाच गुंडाळीत व्होल्टेजचा धक्का बसतो. सेकंदाला काही हजार वेळा हे करायचं, १९७२ मध्ये बाजारात आलेली ५५५ ही आयसी ते आरामात करते, आणि ते धक्के डायोड-कपॅसिटरमध्ये साठवायचे. शेवटी ग्राइनाखरचे दोन थर. सगळा ऐवज काडेपेटीच्या आकारात बसतो.

इथे नवख्याला दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. एक म्हणजे मोजणं. साध्या मल्टिमीटरचा रोध १० मेगाओम असतो. चारशे व्होल्टला तो ४० मायक्रोअँपिअर ओढतो, म्हणजे नळी स्वतः जेवढा पिते त्याच्या कित्येक पट. पुरवठा दमतो, आकडा खाली दिसतो आणि माणूस व्होल्टेज वाढवत सुटतो. त्यावर उपाय म्हणजे मीटरसोबत एका ओळीत एक गिगाओमचा रोध जोडायचा आणि आलेला आकडा १०१ नं गुणायचा. मीटरवर ३.९६ दिसले की आत चारशे आहेत. दुसरं म्हणजे जीव. काउंटरच्या पुरवठ्यातल्या छोट्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टला जेमतेम एक मिलिज्यूल ऊर्जा असते, चिमटा बसतो इतकंच. पण काही जण हाय व्होल्टेजसाठी जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडतात. त्यात तीनशेच व्होल्ट असतात, पण कपॅसिटर एवढा मोठा की ऊर्जा पाच ज्यूलच्या वर, म्हणजे काही हजार पट जास्त. कॅमेरा बंद असला तरी ती आत बसलेली असते. त्याच्या वाटेला जाऊ नका. मारतात ते नुसते व्होल्ट नाहीत, त्यांच्या मागे किती साठा आहे ते महत्त्वाचं.

आता तुम्ही म्हणाल, हौस ठीक आहे, पण घरी मोजून उपयोग काय? याचं उत्तर जपानमध्ये आहे. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली आणि फुकुशिमाचं अणुकेंद्र कोलमडलं. केंद्राजवळच्या नामिए गावातले हजारो लोक स्वतःच्या गावातल्याच आतल्या बाजूच्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले. दूर आहे, डोंगरात आहे, सुरक्षित असेल असं समजून. पण वाऱ्यानं किरणोत्सारी ढग नेमका वायव्येला, त्यांच्याच दिशेनं नेला. ढग कुठे जाईल याचा अंदाज देणारी सरकारी संगणकप्रणाली होती, तिचे नकाशेही तयार होत होते, पण ते लोकांसमोर आले २३ मार्चला. तोवर त्सुशिमात मुलंबाळं घेऊन राहिलेल्या माणसाकडे स्वतः बघून ठरवण्यासारखं काहीच नव्हतं. किरणोत्सर्गाला वास नाही, रंग नाही. काउंटर नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या शब्दावर जगता.

काउंटर तेव्हा जगभर संपलेले होते. मग टोकियोतल्या आणि बाहेरच्या काही तंत्रज्ञांनी मिळून सेफकास्ट सुरू केलं. पॅनकेक म्हणतात तशी चपटी नळी, तिला पाचशेच्या आसपास व्होल्ट देणारा छोटा पुरवठा, जीपीएस, मेमरी कार्ड, आणि हे सगळं एका डब्यात घालून गाडीच्या खिडकीला टांगायचं. पुढे त्याची किट निघाली आणि लोक स्वतः सोल्डरिंग करून ती जोडू लागले. गोळा झालेली सगळी माहिती कुणीही वापरावी म्हणून खुली ठेवली, आणि काही वर्षांत नोंदींची संख्या दहा कोटींच्या वर गेली. एकाच गल्लीच्या दोन टोकांना वेगळे आकडे येतात हे लोकांना त्यातून कळलं, कारण सरासरीचे सरकारी आकडे गल्लीपर्यंत उतरत नाहीत.

अर्थात घरच्या काउंटरच्या मर्यादा आहेतच. तो ठोके मोजतो, शरीराला लागणारा डोस नाही. ठोक्यांवरून मायक्रोसिव्हर्ट काढायचं गणित ठरावीक किरणोत्सारी पदार्थ धरून केलेलं असतं, बहुतेकदा सीझियम-१३७. पदार्थ बदलला की उत्तरही चुकतं. माझ्या टेबलावरची नळी मिनिटाला वीस-पंचवीस ठोके देते, ते जमिनीतून, भिंतीतून आणि आकाशातून येणारे नेहमीचे किरण आहेत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट हा रोजचा आकडा माहीत असणं हेच महत्त्वाचं, म्हणजे उद्या तो बदलला तर बदललाय हे कळेल. नामिएच्या लोकांकडे कालचा आकडाही नव्हता आणि आजचाही.

म्हणून म्हणतो, पाचशे सेलपासून काडेपेटीपर्यंत आलेल्या या व्होल्टेजला कमी लेखू नका. ज्या दिवशी ते खिशात मावलं त्या दिवसापासून "किती आहे?" हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली. किट जोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना ग्राइनाखर कोण हे माहीत नसेल. पण तोही शेवटी याच कामासाठी बसला होता. त्याला काही फोडायचं नव्हतं, फक्त मोजायचं होतं.

सर्किटचा नकाशा आणि प्रोग्रॅम पुढच्या शनिवारी. तोवर फ्लॅशच्या कॅमेऱ्यांना हात लावू नका!